आधी सिल, मग इंजिन

महोदय,
अर्धवट सोडलेली जुनी स्पोर्ट्स कार विकत घेऊन ती पुन्हा रस्त्यावर आणण्याविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. विषय घेतलात याचा मनापासून आनंद झाला. मात्र ‘आधी इंजिन चालू करून पाहा, पत्र्याचे काम नंतर’ हा त्यातला सल्ला घातक आहे. लेखात उल्लेखलेल्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तर फारच.

ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये तयार झाली, पाच लाखांहून अधिक. सुटे भाग आजही मिळतात, म्हणून इंग्लंडमधले आपले वाचक पहिल्यांदा हीच घेण्याची शक्यता जास्त. हिला वेगळी चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. उघड्या मॉडेलला छप्परही नाही, त्यामुळे मधला बराचसा भार दाराखालच्या दोन सिलवर येतो. सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. आतला, मधला आणि बाहेरचा असे तीन पत्रे जोडून ती पेटी बनते. पुढच्या मडगार्डच्या आत चाकामागे एक आडोशाचा पत्रा असतो. त्याची रबरी पट्टी कुजली की चिखल आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ मागे साचते आणि सिल आतून खाल्ली जाते. वरचा रंग तेवढा चकचकीत राहतो.

घेण्याआधी दाराची मागची फट बघा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधून बसली आहे. दुसरी फसवणूक म्हणजे कुजलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवून केलेले वेल्डिंग. खरी बाहेरची सिल पुढच्या मडगार्डच्या आतपर्यंत जाते, म्हणून मडगार्ड न काढता ‘नवी सिल टाकली’ असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका.

कापण्याआधी गाडी सपाट जमिनीवर, पुढे-मागे सस्पेन्शनचा भार येतो तिथे टेकवा. दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी नळी वेल्ड करा आणि एका वेळी एकच बाजू उघडा. दोन्ही सिल एकदम कापल्या तर गाडी मधून वाकते, आणि ते दार बसवेपर्यंत कळतही नाही. नवी सिल आधी क्लॅम्पने धरा, दार आणि मडगार्ड लावून फटी जुळवा, मगच वेल्डिंगचे टाके मारा. सलग वेल्डिंग केले की पत्रा तापून ओढला जातो. थोडे इथे, थोडे तिथे असेच करायचे. रंगानंतर आत मेण फवारायला विसरू नका. घाई चालत नाही ती इथेच.

अर्धवट गाडीबरोबर खोकी येतात, आणि त्यांत कुणीतरी मिसळलेले बोल्ट असतात. या गाडीचे बहुतेक आटे इंची, यूएनएफ नावाच्या बारीक मापाचे. ५/१६ इंची बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट हातात सारखेच वाटतात. चुकीचा नट दोन आटे सहज चढतो, मग अडतो. तिथे पाना जोरात फिरवला की आटे गेले. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे.

विजेचेही तसेच. १९६७ च्या सुमाराला अर्थिंग, म्हणजे बॅटरीचे गाडीच्या पत्र्याला जोडलेले टोक, धनाऐवजी ऋण झाले. आधीच्या मालकाने मध्येच बदल केला असेल, तर बॅटरी जोडण्यापूर्वी तारा तपासाच. उलटी जोडणी झाली तर अल्टरनेटरचे डायोड जळतात.

हे सारे झाल्यावर इंजिन. १९६४ च्या अखेरीस क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याला, आधार देणारी मेन बेअरिंग तीनाची पाच झाली, म्हणून इंजिन क्रमांक पाहूनच भाग मागवा. अडकलेल्या इंजिनाला स्टार्टर लावू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये सैल करणारे तेल ओता, काही दिवस मुरू द्या, मग हाताने फिरवा. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच.

महाराष्ट्रात ज्यांच्याकडे अशा जुन्या गाड्या आहेत, त्यांनी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि कार्बुरेटरच्या रबरी सील इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्या बसवाव्यात. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर फुगते, मऊ पडते आणि त्याचे कण कार्बुरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, अडकतात. पेट्रोल गळू लागले तर खालीच तापलेला एक्झॉस्ट असतो.

आपला,
एक नियमित वाचक, बर्मिंगहॅम