फ्लॉपी नको, एक्सेल द्या

संपादक महोदय,

कोडिंग कार्यशाळेची कालची बातमी वाचली. सोलापूरचे प्रश्न आता म्हणे कॉलेजची मुलं ॲप बनवून सोडवणार. मुलांचं कौतुकच आहे. पण त्या ॲपमध्ये भरायची माहिती कोण देणार, हे दीपप्रज्वलन करणाऱ्या एकाही मान्यवराला विचारावंसं वाटलं नाही?

माझी पुतणी पायथन ही कोडिंगची भाषा शिकली. कोणत्या भागात नळाला पाणी कधी येणार ते मोबाइलवर कळावं, एवढंच तिला नि तिच्या मैत्रिणींना करायचं होतं. उजनी धरण काठोकाठ भरलं तरी आपल्याकडे रोज पाणी नाही, आणि रात्री-अपरात्री आलं की मोटार लावायला बायकांनीच उठायचं. पोरींनी १० रुपयांचा स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे अर्ज केला. मागितली एक्सेल फाइल. मिळाल्या झेरॉक्स, पानाला २ रुपये भरून. त्यावर कडेला पेनाने दुरुस्त्या! फार विनवण्या केल्यावर साहेबांनी पेन ड्राइव्हवर फाइल दिली. ती कुठल्या तरी जुन्या फॉन्टमधली. लॅपटॉपवर उघडली तर 'विजापूर रोड'च्या जागी नुसते कंस, टक्क्यांची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा काला. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसेल अशा पद्धतीत, का नाही, असं विचारलं तर उत्तर आलं, "आमच्याकडे बरोबर दिसतंय की!" शेवटी पोरींनी सगळी यादी हाताने टाइप केली. तोवर वेळापत्रक बदललं होतं.

माहितीचा कायदा २००५चा. त्यात माहिती फ्लॉपीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या त्या जुन्या चकतीवरसुद्धा घेता येते, बरं का! कलम ७(९) तर सांगतं की ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात ती साधारणपणे द्यावी. सरकारी माहिती सगळ्यांना वापरता यावी असं केंद्राचं खुल्या डेटाचं धोरण २०१२पासून आहे, आणि २०१६मध्ये आपण स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आलो. एवढं होऊन पाण्याची खरी वेळ आमच्या भागात फक्त पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला ठाऊक. तो फोन उचलत नाही. बिचारा किती जणांचे उचलणार?

आता राग मानू नका, पण आपल्या अंकातही पाण्याचं वेळापत्रक मुंगीएवढ्या अक्षरांत, जाहिरातीच्या खाली येतं. ई-पेपरवर तर नुसतं चित्र. आपला भाग शोधायचा तर चष्मा लावून बोट फिरवत बसा. कालच्या बातमीत मान्यवरांची नावं मात्र ओळीमागून ओळी, ॲप बनवणाऱ्या मुलांपैकी एकाचंही नाही. निदान ते ॲप कुठे मिळणार, एवढं तरी छापायचं होतं.

– एक वाचक, जुळे सोलापूर