पॉप्युलिझम म्हणजे लोकानुनय नव्हे

महोदय,

अमेरिकेच्या राजकारणावर लिहिताना आपल्याकडे ‘पॉप्युलिझम’ला ‘लोकानुनय’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. फुकट वाटपाच्या घोषणांना तो शब्द शोभतो. पण ‘पॉप्युलिस्ट’ हे नाव ज्यांना प्रथम मिळाले, त्या १८९०च्या दशकातल्या अमेरिकी शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीच्या मागण्या अनुनयाच्या नव्हत्या, हिशेबाच्या होत्या.

अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूसवाला पेरणीला बियाणे, खत, पीठ दुकानदाराकडून उधारीवर उचलायचा आणि न उगवलेले पीक त्याच्याकडे तारण ठेवायचा. दुकानात भाव दोन: रोखीचा एक आणि उधारीचा त्याहून बराच चढा. हंगामात सगळ्यांचा कापूस एकदम बाजारात येऊन भाव पडे; माल धरून ठेवावा तर दुकानदार वसुलीला दारात उभा. १८९४ मध्ये तर पौंडामागे जेमतेम पाच सेंट हाती येत होते. खाते मिटले नाही की पुढच्या वर्षीचे पीकही त्याच दुकानात अडकायचे.

यावर फार्मर्स अलायन्स या शेतकरी संघटनेच्या चार्ल्स मॅक्यून यांनी १८८९ मध्ये उपकोषागार योजना मांडली. ज्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वर्षाला पाच लाख डॉलरहून जास्त शेतमाल विकला जातो, तिथे सरकारी गोदाम बांधायचे. टिकाऊ माल तिथे ठेवून शेतकऱ्याने स्थानिक भावाच्या ८० टक्के रक्कम सरकारी नोटांत उचलायची. व्याज १ टक्का, मुदत एक वर्ष. मुदतीत माल सोडवला नाही तर लिलाव. यात दोष होतेच. भाजी-फळे-दूधवाल्याला काहीच मिळत नव्हते, आणि सगळ्यांनीच माल भाववाढीसाठी अडवला तर वर्षअखेरीस तो एकदम बाहेर पडण्याची धास्ती होती. (आपल्या पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेतही तत्त्व हेच: ७५ टक्के रक्कम, ६ टक्के व्याज, १८० दिवस. तिला कोणी लोकानुनय म्हणत नाही.)

४ जुलै १८९२ रोजी नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात पीपल्स पार्टीचा जाहीरनामा ठरला. त्यात या योजनेसोबत चढता आयकर, रेल्वे आणि तारयंत्रणेची सरकारी मालकी, पोस्टातील बचत खाती अशी कलमे होती. जोडठरावांत गुप्त मतदान आणि सिनेटरांची (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्यांची) लोकांकडून थेट निवड. त्या वर्षी अध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांवर मते मिळाली. आयकर आणि सिनेटरांची थेट निवड १९१३ मध्ये घटनेतच आली, पण तोवर पक्ष संपला होता.

संपला तो चांदीपायी. १६ भाग चांदीला १ भाग सोने या दराने हवी तितकी चांदी नाण्यांत पाडून द्या, ही मागणीही ओमाहात होतीच. २६ जून १८९३ रोजी मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी खासगी चांदीची नाणी पाडून देणे बंद केले, चांदीचा भाव काही दिवसांत कोसळला आणि कोलोरॅडोतल्या खाणींना टाळे लागले. मग खाणमालकांचा पैसा चळवळीत आला आणि बाकीच्या मागण्या मागे पडल्या. बाजारात हे प्रमाण ३० च्या घरात असताना १६ चा हट्ट म्हणजे खाणवाल्याची थेट चांदी; कर्जदार शेतकऱ्याला मिळणार होती ती महागाईमुळे कर्जाच्या ओझ्यातून फक्त थोडी सुटका. १८९६ मध्ये पक्षाने चांदीचीच मागणी करणारे डेमोक्रॅट ब्रायन यांनाच अध्यक्षपदाचे उमेदवार मानले, उपाध्यक्षपदासाठी मात्र जॉर्जियाचे टॉम वॉटसन उभे केले. ब्रायन रिपब्लिकन मॅकिन्लेंकडून हरले आणि पक्षही त्यांच्याबरोबर गेला.

या लोकांना संत ठरवायचे नाही. १८९२ मध्ये गोऱ्या-काळ्या गरीब शेतकऱ्यांनी एकत्र यावे असे सांगणारे हेच वॉटसन पुढे आपल्या नियतकालिकांतून कृष्णवर्णीय आणि ज्यू लोकांविरुद्ध विष ओकत राहिले, आणि १९२० मध्ये सिनेटवर निवडून आले. या दोन्ही वॉटसनना ‘लोकानुनय’ हा एकच शब्द कसा पुरणार? नेमका प्रतिशब्द सापडेपर्यंत ‘पॉप्युलिझम’ असेच छापावे, ही विनंती.

– एक वाचक, अमरावती