श्वास मोजायला कुणी सांगायचं?

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या अंकातला मुलांच्या न्यूमोनियावरचा लेख वाचला. पालक अडाणी, पालक उशिरा येतात, अँटिबायोटिकसाठी हट्ट पालकच धरतात! अर्धं पान आमची हजेरी घेतलीत, आभारी आहे.

आता खानापूरकडची गोष्ट ऐका. पावसाळ्यात सव्वादोन वर्षांचा नातू तापला, खोकू लागला. ज्या दवाखान्यात नेलं तिथं डॉक्टरांनी अंगातला शर्टही वर न करता अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. आम्ही काही मागितलं नव्हतं. औषध चालू असतानाच पोर मलूल पडलं, पाण्याला तोंड लावेना. गल्लीतल्या नर्सबाई आल्या. त्याला आईच्या मांडीवर शांत होऊ दिलं, शर्ट वर केला आणि घड्याळ धरून पुरतं एक मिनिट श्वास मोजले. ५२. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता, तोही बोट लावून दाखवला. म्हणाल्या, "काका, आता सकाळची वाट बघू नका." त्याच रात्री बेळगाव गाठलं. ऑक्सिजन, सलाईनमधून इंजेक्शनं, सगळं झालं. पोर वाचलं.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६०, त्यापुढे वर्षापर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले की जलद समजायचे. एवढं छापायला तुम्हाला जागा नव्हती. एक्स-रेवर मात्र अख्खा परिच्छेद! घरी उपचार होण्याजोग्या साध्या न्यूमोनियाला एक्स-रे लागतोच असं नाही, तोंडावाटे अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकवर भागतं, हे आम्हाला बेळगावच्या डॉक्टरांकडून कळलं.

न्यूमोकॉकलची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूविरुद्धची, लस सरकारी केंद्रात फुकट मिळते, फलक लावलेत, असं लेखात आहे. मिळते, खरं आहे. बाळाला दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाले की. पण आमच्या केंद्रातला फलक फक्त कन्नडमध्ये आहे. सूनबाई महाराष्ट्रातल्या चंदगडची, तिनं तो कसा वाचायचा? जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के आहेत तिथं महत्त्वाची सूचना त्यांच्या भाषेतही हवी, हे कागदावर कधीचं ठरलंय. त्यावर लिहा की कधीतरी अर्धं पान.

आणि हो, लेखाला खेटूनच खोकल्याच्या सिरपची जाहिरात आहे, हसऱ्या बाळासकट. ती कोणत्या तज्ज्ञाला विचारून छापलीत?

आपला,
एक जुना वर्गणीदार, खानापूर तालुका