वनमंत्र्यांना खुले पत्र: सुतारालाही चार फळ्या मिळू द्या

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

महोदय,

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येता, तेव्हा हे पत्र आपल्या नजरेस पडावे म्हणून लिहितो. मी सुतार आहे. आजोबांपासून घरात हाच धंदा. बंगई (झोपाळा), देवघर, पाट, कपाट असे सागवानी काम करतो. जोड कुसू (फळीचे कोरलेले टोक) आणि खाचेचा, खिळ्याचा नाही.

गेल्या वर्षी भर पावसाळ्यात एक बंगई केली. लाकूड सुकलेले आहे, असे विकणाऱ्याने सांगितले होते. रंध्यातून निघणाऱ्या ढलप्या हाताला गार लागत होत्या, म्हणजे लाकूड ओलेच होते, तरी गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि पाटाच्या दोन फळ्यांमध्ये एवढी फट पडली, की दहाचे नाणे उभे आत गेले. बंगई परत आणली, फळ्या नव्याने बसवल्या. पैसे कोणत्या तोंडाने मागणार?

उघड्यावर रचून, मध्ये काठ्या घालून सुकवायचे तर इंचभर जाडीला साधारण वर्ष लागते. लाखाचे लाकूड वर्षभर नुसते ठेवण्याची माझ्यासारख्याची ऐपत नाही. वनखात्याच्या सागवानाच्या लिलावाला एकदा गेलो होतो. तिथला सर्वात लहान लॉटसुद्धा माझ्या वर्षाच्या कामाहून मोठा होता. मग पावले शहरातल्या लाकूडबाजाराकडे, लकडगंजकडे वळतात आणि तिथून परदेशी सागवान घरी येते, कारण ते पाच घनफूटही मिळते. सागवानाचा सरकारी डेपो असलेले बल्लारपूर इथून चार तासांच्या वाटेवर आहे! त्याच भागातले सागवान २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेले, तेव्हा आमच्या सगळ्यांचा ऊर भरून आला होता.

वनविकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. शहरात त्यांची एक खिडकी उघडा. तिथे फाडलेले, वर्षभर सुकवलेले, जाडीप्रमाणे लावलेले सागवान ठरलेल्या दराने, पाच घनफुटांपासून मिळावे. सोबत सरकारी पावती हवीच. ओंडक्याच्या टोकावर खात्याच्या हातोड्याचा ठसा असतो. आरागिरणीत ओंडका फाडला की ठसा राहतो टोकाच्या तुकड्यावर, आणि सायकलवर चार फळ्या नेणाऱ्याजवळ त्या कुठल्या हे दाखवायला काहीच नसते.

केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत सुतारांना अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने ३ लाखांपर्यंत कर्ज आहे. योजना चांगली आहे. पण तो रंधा चालवायचा कशावर?

सुरुवातीला एक शेड पुरेल. फळ्या कशा रचायच्या, काठ्या किती अंतरावर, ऊन कुठून अडवायचे, हे दाखवायला आम्ही चार-पाच सुतार कधीही येऊ. मजुरी नको.

आपला,
एक सुतार, नागपूर