आमचा रस्ता पाण्यावरून जातो, महोदय

माननीय महोदय यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या मोबाइलवर निरोप आला. उद्याची बोट रद्द. कारण यांत्रिक अडचण. गैरसोयीबद्दल दिलगिरी. संपलं.

आपलं नाव आणि खातं मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील. पत्र मराठीत का, असं आपल्या कचेरीत कुणी विचारील. याआधीची तीन इंग्रजीत होती. तिन्हींना एकच उत्तर आलं, स्वल्पविरामासकट तेच: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. तुमच्या भाषेत लिहून तुम्हाला कळत नसेल, तर निदान मला भांडायला सोयीची पडते त्या भाषेत लिहिते.

मी मूळची दाभोळची. गेली एकोणीस वर्षं अलास्कात, कॉर्डोव्हाला राहते. नवरा मासळीच्या कारखान्यात बर्फाची आणि शीतगृहाची यंत्रं सांभाळतो, मी एका दुकानाचा जमाखर्च लिहिते. वस्ती जेमतेम अडीच हजार. पुढे प्रिन्स विल्यम साउंड ही समुद्राची खाडी, मागे डोंगर आणि हिमनद्या, आणि वर पाऊस. पाऊस इतका, की इथे आल्यावर पहिल्यांदा मला माहेरची आठवण आली नाही. बाहेरच्या जगाकडे जाणारा रस्ता नाही. म्हणजे आहे एक, कॉपर नदीच्या बाजूने. १९६४ च्या भूकंपाने त्याचं पुढचं काम थांबलं ते थांबलंच, आणि २०११ मध्ये ३६व्या मैलाजवळच्या पुलाखालची जमीन नदीने खरवडून नेली, तेव्हापासून तो तिथेच संपतो. आमच्याकडे पाहुण्यांना तो हौसेने दाखवतात. कुठेही न जाणारा रस्ता बघायला माणसं कॅमेरे घेऊन येतात.

तर मंगळवार. ह्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे पाणी साचतं. दर पाच आठवड्यांनी त्या डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि ते देणारा डॉक्टर अँकोरेजला. बुधवारची बोट धरायची, व्हिटियर बंदराला उतरायचं, अडीच मैलांच्या त्या एकेरी बोगद्यापाशी आपल्या दिशेची पाळी येईपर्यंत थांबायचं (गाड्या आलटून पालटून सोडतात, मध्येच आगगाडी), मग अँकोरेज, गुरुवारी सकाळी डोळा, दुपारी खरेदी. कोकणात आगोटीला घर भरतात ना, मिरच्या, कडधान्यं, सुकी मासळी, तशी आमची आगोट अँकोरेजला. गाडीत सहा बर्फपेट्या रचल्या होत्या. यादी दोन पानी. तांदळाची दोन पोती, तूरडाळ, तेल, टायर, शेजारच्या म्हातारीची औषधं, शाळेतल्या बाईंच्या कुत्र्याचं खाणं. आमच्याकडे बोटीने कुणी एकटं जात नाही, अर्धी आळी त्याच्या गाडीत असते.

बोट रद्द म्हटल्यावर रात्रीच विमानाची तिकिटं काढली. आयत्या वेळची, दोघांची, जाऊन येऊन सहाशे चाळीस डॉलर. गाडी नाही, म्हणजे खरेदी नाही. तरी म्हटलं, डोळा महत्त्वाचा. गावापासून तेरा मैलांवरच्या विमानतळावर जाऊन बसलो. या विमानतळाला ज्या वैमानिकाचं नाव आहे त्याला लोक 'मडहोल' स्मिथ म्हणत, चिखलखड्डा स्मिथ. अशा गावाला असंच नाव शोभतं. धुकं होतं. विमान याकुतातहून आलं, वर दोन घिरट्या घातल्या आणि आम्हाला न घेताच अँकोरेजकडे निघून गेलं. आम्ही खाली उभं राहून त्याचा आवाज ऐकला. हे म्हणाले, "गेलं वाटतं." त्यांना दिसत तर नव्हतंच.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. काल हे दाराच्या चौकटीकडे बघून विचारत होते, ही वाकडी कधी झाली? चौकट सरळ आहे, महोदय.

आता तुमचा शब्द. गेल्या वर्षी तुम्ही आमच्याकडे आला होतात. शाळेच्या जिमखान्यात सभा झाली, बायकांनी सामन माशाचं चावडर, म्हणजे दाट सूप, केलं होतं, तुम्ही दोनदा वाढून घेतलंत. चांगलं वाटलं. मग माइक हातात घेऊन म्हणालात, येत्या हिवाळ्यात आठवड्याला दोन फेऱ्या, काही झालं तरी. 'काही झालं तरी' हे शब्द मी वहीत लिहून ठेवलेत, जमाखर्च लिहिणारीची सवय. या हिवाळ्यातल्या आजवरच्या फेऱ्या त्याच पानावर मांडल्यात. त्या आकड्याला दोनाने गुणलं तरी तुमचा आकडा येत नाही. वही इकडे आलात तर दाखवीन. चावडर मात्र नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, बोट तोट्यात आहे. हे वाक्य मी इतक्या साहेबांच्या तोंडून ऐकलंय की माझ्या मांजरालाही पाठ झालं असेल. मला एवढंच सांगा, अँकोरेजहून फेअरबँक्सला जाणारा हमरस्ता किती नफ्यात आहे? त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाडीने गेल्या वर्षी किती कमावलं? रस्त्याला कुणी नफा विचारत नाही. या राज्याने १९६३ मध्ये बोटी सुरू केल्या तेव्हा त्या सेवेला नावच 'सागरी महामार्ग' दिलं. महामार्ग! नाव ठेवायला महामार्ग, पैसे मागायला धंदा. पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत पायी चढणाऱ्याला गोवा सरकार एक पैसा मागत नाही. माझ्या दाभोळहून धोपाव्याला गाड्या नेणारी बोट आहे, तिला आम्ही जंगलजेट्टी म्हणतो. तिकडे तिच्या नावाने बोटं मोडायचे, आज तिची आठवण काढून डोळ्यांत पाणी येतं. आता कुणी म्हणेल, दहा मिनिटांच्या खाडीची आणि या समुद्राची बरोबरी कशी होईल? नाहीच होत. पण ज्या राज्याच्या पायाखाली तेल आहे त्याने खाडीवाल्यांकडून शिकायचं, हीच तर गंमत आहे.

२०१९ चा हिवाळा तुम्ही विसरला असाल, आम्ही नाही. बजेटला चार कोटी डॉलरच्या वर कात्री लागली आणि सप्टेंबरनंतर आमच्या धक्क्याला बोट लागली ती थेट पुढच्या वसंतात. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आमच्याकडे म्हणतात. इथे सातआठ महिने झाले. लेकरं स्पर्धांना गेली नाहीत, गाड्या दुरुस्तीला गेल्या नाहीत, आणि दोन कुटुंबं जी गेली ती परत आली नाहीत.

त्यात ती 'चेनेगा'. आमच्याच गावासाठी आणलेली वेगवान बोट, व्हिटियरला निम्म्या वेळात पोचवायची. ती आणि तिची बहीण 'फेअरवेदर', दोघींचा मिळून बांधणीखर्च सहा कोटी ऐंशी लाख डॉलर. २०२१ मध्ये दोघी विकल्या स्पेनमधल्या कंपनीला, एक्कावन्न लाखांत. माझ्या हिशेबाने साडेसात टक्के. आमच्या चिपळूणचा भंगारवाला काटा मारतो, पण त्यालाही लाज असते. आता तिथे भूमध्य समुद्रात उन्हाळी पाहुणे तिच्यातून हिंडतात. सुखी राहोत.

आणि तिच्या जागी काय? केचिकन गावच्या गोदीत दोन नव्या बोटी बांधल्या, दिवसभर जाऊन रात्री परत येणाऱ्या. बांधून झाल्यावर अडचण पुढे आली, की त्यांत खलाशांना झोपायला जागा नाही, आणि नियमाप्रमाणे खलाशाला दिवसात बारा तासांहून जास्त राबवता येत नाही. म्हणजे लांबचा पल्लाच बंद. त्यातली 'हबर्ड' धक्क्याला बांधून पडली; आत खोल्या बसवून ती पाण्यात कामाला लागायला २०२३ उजाडलं. घर बांधून झाल्यावर मोरी राहिली म्हणून आठवायचं, असला प्रकार. दाभोळच्या गवंड्याने असं केलं असतं तर गावाने त्याला पुलावरून ढकललं असतं. इथे बढती झाली असेल.

महागाईबद्दल बोलायचं तर माझ्याकडे पावत्यांचा खोका आहे. गॅलनभर दूध नऊ डॉलर. कोथिंबिरीची मरतुकडी जुडी चार डॉलर, तीही मिळाली तर; मी खिडकीत धने पेरते. सहा टोमॅटो आणले की हे विचारतात, आज कोण येणार आहे? सगळा माल सिअॅटल-टकोमाहून बार्जने. वर १९२० चा तो जोन्स कायदा, अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेतच बांधलेलं, अमेरिकनाच्याच मालकीचं हवं. शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या तरी गोदीचं भलं व्हावं म्हणून केलेला नियम, त्याचा भुर्दंड माझ्या डाळीवर. घरभाड्याचं बोलत नाही. उन्हाळ्यात हंगामी कामगार आणि पाहुणे, मग खोली गावकऱ्याला कोण देणार? गेल्या वर्षी आलेली नवी शिक्षिका पहिले दोन महिने कुणाच्या तरी होडीवर झोपली.

आणि मासळी! मेच्या मध्यावर कॉपर नदीचा पहिला सामन निघाला की त्याला विमानातून सिअॅटलला नेतात. तिथे विमानतळावर लाल गालिचा घालतात. खोटं नाही, गालिचा घालतात आणि वैमानिक तो मासा हातात धरून उतरतो, फोटो निघतात. मासा वेळेवर पोचतो हो! त्याला धुकं आडवं येत नाही असं नाही, पण त्याच्यासाठी सगळे धडपडतात. माझ्या नवऱ्याने त्या माशाखालचा बर्फ केला. त्याने डोळ्यासाठी गालिचा मागितलेला नाही.

२०२३ मध्ये सामनचे भाव कोसळले तेव्हा धक्क्यावर पुरुष माणसं रडताना बघितली मी. तेव्हाही तुमच्याकडून कुणीतरी आलं होतं, 'ऐकून घ्यायला'. या गावाचं ऐकून घेणारे फार झाले. २४ मार्च १९८९ ला 'एक्सॉन वाल्डीझ' या टँकरमधून एक कोटी दहा लाख गॅलन तेल आमच्या खाडीत सांडलं. तेव्हा मी शाळेत होते, पण इथली म्हातारी माणसं त्या दिवसाबद्दल सुतकाबद्दल बोलावं तशी बोलतात. चार वर्षांनी हेरिंग मासा बसला तो आजवर उठला नाही. १९९४ ला ज्युरीने त्या तेलकंपनीला पाच अब्ज डॉलरचा दंड ठोठावला, आणि चौदा वर्षं खटला चालवून २००८ ला सुप्रीम कोर्टाने तो एक दशांशावर आणला, पन्नास कोटींच्या जरा वर. तोवर कितीतरी वादी मेले होते. वाट बघण्याची आम्हाला इथल्या हवामानासारखी सवय झालीय, आणि तुम्ही त्या सवयीवरच कारभार चालवता असा मला संशय आहे.

पैसे नाहीत म्हणू नका. तेलाच्या पैशातून १९७६ मध्ये उभा केलेला कायमस्वरूपी निधी आज ऐंशी अब्ज डॉलरच्या घरात आहे. प्राप्तिकर १९८० लाच काढून टाकला, राज्याचा विक्रीकर नाही. मग पैसा कमी पडला की दोनच खिसे उरतात, त्या निधीतून दरवर्षी माणशी मिळणारा आमचा लाभांश आणि आमची बोट. १९८२ ला पहिला लाभांश दिला, माणशी हजार डॉलर. २०२५ ला किती दिला? हजार डॉलर. त्रेचाळीस वर्षांनी! १९८२ ला हजार डॉलरमध्ये काय काय येत असेल ते तुमच्या आईला विचारा. आज माझ्याकडे त्यात एका डोळ्याची दीड खेप होते. आणि तो हजार हातात ठेवून तुम्ही निवडणुकीत म्हणणार, बघा, दिला. खेड्यात शाळेला पैसे मागितले की तेच, दवाखान्याला मागितले की तेच: लोकसंख्या बघा. अडीच हजार म्हणजे लोकसंख्या नव्हे काय? जूनोला जिथे तुमची विधानसभा भरते, तिथेही रस्त्याने जाता येत नाही. पण तुमचं विमान घिरट्या घालून परत गेलं तर दुसऱ्या दिवशी दुसरं येतं, आणि तिकीट कुणीतरी दुसरंच भरतं.

माझा भाऊ फोनवर म्हणतो, मग ये ना परत, कुणी अडवलंय? त्याला काय सांगू. ह्यांचं पेन्शन चार वर्षांवर आहे, आणि खरं सांगायचं तर मला हे गाव आवडतं. शेजारणीने बुधवारी रात्री हॅलिबट माशाचा तुकडा आणि मेणबत्ती आणून दिली, काही न बोलता. अशी माणसं दाभोळलाही आता कमी झालीत.

मागण्या लिहायच्या राहिल्याच. तीनच आहेत. हिवाळ्याचं वेळापत्रक उन्हाळ्यातच जाहीर करा आणि पाळा. बोट दुरुस्तीला जाणार असेल तर बदली बोट कोणती, हे त्याच कागदावर लिहा. आणि ज्यांच्याकडे डॉक्टरची तारीख असेल, त्यांना बोट रद्द झाल्यावर विमानाचं तिकीट तुमच्या खर्चाने द्या. २०२१ च्या केंद्राच्या कायद्यात ग्रामीण बोटसेवेसाठी पाच वर्षांत एक अब्ज डॉलर ठेवले होते. त्यातून माझे सहाशे चाळीस सुटतात का बघा. पावती जोडली आहे.

कळावे,
आपली,
कॉर्डोव्हातली एक प्रवासी

ता. क. ह्यांची पुढची तारीख गुरुवारची आहे. त्या आठवड्याची बुधवारची बोट वेळापत्रकात दिसते आहे. बर्फपेट्या मी गाडीतून काढलेल्या नाहीत.