सुरक्षा सल्लागाराच्या कागदांविषयी बाबांना पत्र

ॲन आर्बर, मिशिगन
दि. १२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलेत की, अमेरिकेच्या एका अध्यक्षाच्या सुरक्षा सल्लागाराचे जुने कागद वाचून इतिहासाच्या विद्यार्थिनीला काय मिळते आणि कराडच्या माणसाला त्यात रस का वाटावा. तेव्हा मी घाईत दोन वाक्यांत उत्तर दिले. प्रश्न तेवढ्यावर सोडण्याजोगा नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. आईलाही वाचून दाखवा.

मी ज्या ठिकाणी काम करते ते जेराल्ड फोर्ड अध्यक्षीय ग्रंथालय आमच्या विद्यापीठाच्या उत्तरेकडील आवारातच आहे. निक्सन यांच्यानंतर अध्यक्ष झालेले फोर्ड याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते. पद सोडण्याआधीच, डिसेंबर १९७६ मध्ये, त्यांनी आपल्या कारकिर्दीतील कागद दानपत्र करून राष्ट्राला दिले आणि १९८१ मध्ये हे ग्रंथालय सुरू झाले. वाचनकक्षात पेन चालत नाही, पिशवी बाहेर ठेवावी लागते, करड्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून एका वेळी एकच फाइल काढायची आणि आतल्या कागदांचा क्रम जरासुद्धा बदलायचा नाही. पहिल्यांदा हे नियम जाचक वाटतात, पण कोणता कागद कोणत्या कागदाच्या पाठोपाठ आला यातूनच निर्णय कसा होत गेला हे कळते, आणि क्रम मोडला की तो पुरावा कायमचा जातो.

आता सल्लागाराविषयी. अमेरिकेत १९४७ च्या कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, पण हे पद त्या कायद्यात नव्हते. ते आयझेनहॉवर यांनी १९५३ मध्ये निर्माण केले. परराष्ट्रमंत्र्याच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते आणि त्याला समित्यांपुढे उभे राहून उत्तरे द्यावी लागतात. सल्लागाराला यातले सहसा काहीच करावे लागत नाही, तो केवळ अध्यक्षाला बांधील असतो. युद्ध आणि तह यांविषयी अध्यक्षाच्या कानाशी शेवटचा शब्द ज्याचा असतो, त्याला जाब विचारण्याची सोय लोकांकडे जवळजवळ नाही. म्हणून त्याचे कागद हाच त्याचा जबाब, असे मला ठामपणे वाटते, आणि तो जबाब वीस-तीस वर्षांनी का होईना, पण पूर्ण मिळाला पाहिजे.

हे कागद आपोआप मिळत नाहीत, हे हेन्री किसिंजर यांच्या उदाहरणावरून तुमच्या लक्षात येईल. जानेवारी १९६९ पासून ते निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार होते. सप्टेंबर १९७३ मध्ये ते परराष्ट्रमंत्रीही झाले आणि नोव्हेंबर १९७५ पर्यंत ही दोन्ही पदे त्यांच्या एकट्याकडे होती. त्यांच्या दूरध्वनीवरील संभाषणे त्यांचे सचिव दुसऱ्या जोडणीवर ऐकत, लघुलिपीत उतरवून घेत आणि नंतर टंकलिखित करीत. पलीकडच्या माणसाला याची बहुधा कल्पना नसे. ऑक्टोबर १९७६ मध्ये, पद सोडण्याची वेळ जवळ आल्यावर, किसिंजर यांनी ही टिपणे खासगी ठरवून न्यूयॉर्क राज्यातील रॉकफेलर यांच्या इस्टेटीवर हलवली आणि मग कडक अटी घालून वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाला दान केली. पत्रकारांनी न्यायालयात दाद मागितली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जे कागद खात्याच्या ताब्यातून आधीच गेले आहेत ते माहितीच्या कायद्याखाली परत आणण्याची सक्ती खात्यावर करता येत नाही. सरकारी वेळेत, सरकारी दूरध्वनीवर, सरकारी पगार घेणाऱ्या सचिवांनी टिपलेले शब्द खासगी कसे ठरू शकतात, याचे समाधानकारक उत्तर मला त्या निकालात सापडत नाही. पुढे नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या बिनसरकारी संस्थेने चिकाटीने कायदेशीर पाठपुरावा केला, तेव्हा कुठे किसिंजर यांनी प्रती सरकारला परत दिल्या आणि मे २००४ मध्ये सल्लागारपदाच्या काळातील सुमारे वीस हजार पाने वाचकांसाठी खुली झाली.

त्या काळातल्या कागदांपैकी एक तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण तो एकाहत्तरचा आहे. ६ एप्रिल १९७१ रोजी ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांच्या कचेरीने, पूर्व पाकिस्तानात चाललेल्या हत्याकांडावर आपले सरकार मूग गिळून बसले आहे, असा लेखी निषेध वॉशिंग्टनला तारेने कळवला. तीन आठवड्यांनी, २८ एप्रिलला, किसिंजर यांनी अध्यक्षांपुढे तीन पर्यायांचे टिपण ठेवले. पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान जे करतील त्याला पाठिंबा द्यायचा, खऱ्या अर्थाने तटस्थ राहायचे, की युद्ध थांबवून पूर्वेकडील लोकांना स्वायत्ततेकडे नेण्यासाठी याह्यांना मदत करायची, असे ते पर्याय होते. निक्सन यांनी तिसऱ्यावर सही केली. एवढेच पाहिले तर अमेरिका मध्यस्थी करू पाहत होती असे कोणीही म्हणेल. पण सहीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने सर्वांसाठी सूचना लिहिली की, या वेळी याह्यांना पेचात धरू नका, आणि त्यातल्या नकाराखाली तीन रेघा ओढल्या. टंकलिखित मजकुरात एक धोरण आहे आणि त्या तीन रेघांमध्ये दुसरे, आणि पुढच्या आठ महिन्यांत जे घडले ते रेघांप्रमाणे घडले. मूळ कागद जपला गेला नसता आणि केवळ निर्णयाची नोंद उरली असती, तर आज आपण चुकीचा इतिहास शिकवत असतो.

आमच्या ग्रंथालयातील संग्रहात किसिंजर यांच्याइतकाच वाटा ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांचा आहे. हे हवाई दलाचे सेनाधिकारी १९७३ पासून किसिंजर यांचे उपसल्लागार होते आणि ३ नोव्हेंबर १९७५ रोजी ते स्वतः सल्लागार झाले. पुढे थोरल्या बुश यांनीही त्यांनाच नेमले. दोन वेगवेगळ्या अध्यक्षांनी या पदावर नेमलेले ते एकटेच. अध्यक्षांच्या कक्षात बाहेरचे पाहुणे येत तेव्हा ते बाजूला बसून कोण काय म्हणाले हे हाताने टिपत, आणि त्यावरून संभाषणटिपणे तयार होत. वर तारीख, उपस्थितांची नावे आणि गोपनीयतेची पातळी असते. खाली नाटकाच्या संहितेसारखे आधी बोलणाऱ्याचे नाव आणि मग त्याचे बोलणे येते. स्कोक्रॉफ्ट यांनी स्वतःला या टिपणांत कुठेही पुढे केलेले नाही. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने किसिंजर यांच्याविषयी वाचलेले असते, पण मला विचाराल तर त्यांच्याबद्दल जे खात्रीने सांगता येते त्यातला मोठा भाग या अबोल माणसाच्या पेन्सिलीमुळे सांगता येतो.

आणि आता कराडच्या माणसाला यात रस का असावा, ते सांगते. ऑक्टोबर १९७५ च्या टिपणांमध्ये एका भेटीच्या उपस्थितांत यशवंतराव चव्हाण यांचे नाव आहे. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य तुमच्या तोंडून ऐकतच मी मोठी झाले, पण सह्याद्री ऑक्टोबर १९७४ पासून परराष्ट्रमंत्री होता, त्या काळाविषयी आपल्या गावात फारसे कोणी बोलत नाही. पद स्वीकारून महिनाही झाला नव्हता तेव्हा, २८ ऑक्टोबर १९७४ रोजी, दिल्लीत किसिंजर आणि चव्हाणसाहेबांनी भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर सह्या केल्या. एकाहत्तरच्या कटुतेनंतर दोन्ही देश नव्याने बोलू लागले होते. मग फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला शस्त्रे विकण्यावरील बंदी उठवली आणि चव्हाणसाहेबांनी निषेध म्हणून आपला ठरलेला वॉशिंग्टन दौरा रद्द केला. जूनमध्ये आणीबाणी लागू झाली. एवढे सगळे मध्ये घडून गेल्यावर ते ऑक्टोबरमध्ये आयोगाच्या बैठकीसाठी इथे आले आणि अध्यक्ष फोर्ड यांना भेटले. समोर किसिंजर होते, मंत्रीही तेच आणि सल्लागारही तेच.

संभाषणाचा मजकूर मी पत्रात उतरवत नाही, कारण ग्रंथालयाने ही टिपणे संगणकावर सर्वांसाठी खुली ठेवली आहेत आणि ते पान तुम्ही स्वतः वाचावे अशी माझी इच्छा आहे. तुमच्या पुतण्याला सांगा, तो ते छापून देईल. वाचताना एक लक्षात ठेवा. हे टिपण एका बाजूच्या माणसाने, आपल्या कचेरीच्या उपयोगासाठी लिहिलेले आहे. चव्हाणसाहेबांनी ते तपासलेले नाही, त्यांच्या बोलण्यातला कोणता शब्द टिपणाऱ्याला महत्त्वाचा वाटला नाही हे त्यातून कळत नाही, आणि मोजून बोलणाऱ्या माणसाचे इंग्रजी दुसऱ्याच्या घाईच्या लेखणीतून उतरल्यावर रुक्ष दिसते. त्यांच्या स्वभावाविषयी त्यावरून मत बनवू नका.

शिवाय सगळेच कागद खुले झालेले नाहीत. भारताविषयीच्या फाइलींमध्ये अधूनमधून एक छापील पान लागते. मूळ कागद काढून ठेवला आहे एवढे, त्याची तारीख, प्रकार आणि काढण्याचे कारण त्यावर असते. हे पान हाती आले की थोडी निराशा होते, पण या पद्धतीविषयी मला आदरही वाटतो. कागद आहे आणि आम्ही तो दाखवत नाही, हे सरकार लेखी कबूल करते. मग वाचक फेरतपासणीसाठी अर्ज करू शकतो. उत्तर यायला पुष्कळ काळ लागतो, नकारही येतो, तरी कोणत्या कागदासाठी भांडायचे हे तरी ठाऊक असते.

आपल्याकडे १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे आणि पंचवीस वर्षांपूर्वीचे कागद खुले करण्याचे नियमही आहेत. दिल्लीत तीन मूर्ती भवनात इंदिरा गांधींचे सचिव राहिलेले पी. एन. हक्सर यांचे कागद जपलेले आहेत आणि इंदिरा गांधींच्या काळावर काम करणारे संशोधक त्यांच्यावाचून पाऊल टाकू शकत नाहीत. म्हणजे आपल्याला हे जमत नाही असे मी मुळीच म्हणणार नाही. पण सुरक्षा सल्लागाराचे पद आपल्याकडे १९९८ मध्ये निर्माण झाले, आणि त्या कचेरीत आजवर झालेल्या बोलण्याची टिपणे कोणाच्या मालकीची, ती कोणत्या वर्षी कुठे जमा व्हायची, याविषयी अध्यक्षीय कागदांसाठी अमेरिकेने १९७८ मध्ये केला तसा स्वतंत्र कायदा आपण केलेला नाही. तो व्हावा असे मला मनापासून वाटते. इथेही तो सहज झालेला नाही. निक्सन यांनी आपल्या ध्वनिफिती आणि कागद ताब्यात ठेवण्याचा प्रयत्न केला नसता, तर इथल्या काँग्रेसला जाग आली असती की नाही, याची मला शंका आहे.

आता तुमच्याकडे एक काम मागते. चव्हाणसाहेब परदेश दौऱ्यांवरून वेणूताईंना पत्रे लिहीत आणि ती पुढे पुस्तकरूपाने छापली गेली, हे तुम्हाला माहीत आहेच. संध्याकाळी प्रीतिसंगमाकडे फिरायला जाता, तेव्हा एखाद्या दिवशी वाट वाकडी करून वाचनालयात जा आणि त्या पुस्तकात ऑक्टोबर १९७५ चे काही आहे का ते पाहा. असेल तर ती पाने जशीच्या तशी, शुद्धलेखनासह, उतरवून पाठवा. त्या महिन्यातील मराठी दैनिकांच्या फायली मिळाल्या तर त्याही चाळा. वृत्तपत्रांवर तेव्हा सेन्सॉर होता, त्यामुळे भेटीची बातमी त्रोटक असेल, पण काय छापू दिले आणि काय नाही हे अमेरिकी टिपणाशेजारी ठेवून पाहता येईल. साहेबांच्या ‘विरंगुळा’ या घरी कोणी जाणते भेटले, तर साहेबांच्या हातची दैनंदिनी किंवा दौऱ्याच्या वह्या त्या वर्षाच्या आहेत का, एवढे विचारून ठेवा. माझे प्रकरण डिसेंबरअखेर मार्गदर्शकांना द्यायचे आहे, तेव्हा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मजकूर मिळाला तर फार उपयोग होईल.

थंडी सुरू झाली आहे, पण माझी तब्येत चांगली आहे. आईच्या गुडघ्याचे औषध चालू ठेवा. काकांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी