साठ मिलिमीटर

ऐरोली,
रविवार

प्रिय बाळ्या,

आठ महिने ना पत्र ना फोन, आणि आता लिहितोय ते गळ्याशी आलं म्हणून. शिव्या आधी घालून घे, मग वाच. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर बरी.

उलव्याच्या साईटवर पहिल्याच पावसात गेटसमोर तळं झालं. पावसाळी चेंबरची जाळी रस्त्याच्या वर बसलीय, साठ मिलिमीटर. पाणी जाळीपर्यंत येतं आणि तिथेच बसकण मारतं. खाजणावर भराव टाकून वसवलेली जागा, उतार मुळात नावाला. भरती आली की खाडीकडच्या झडपा बंद. तिथे साठ मिलिमीटर म्हणजे थट्टा नाही. कंत्राटदाराने लेव्हल लावणाऱ्या पोराला धरलं. पंधरा दिवसांचा पगार कापतो म्हणाला. पोरगं मान खाली घालून उभं होतं. मी समोर बसून चहा प्यायलो.

रात्री ड्रॉइंग उघडलं. पोराचं काम चोख आहे रे. जाळीला मी आरएल, म्हणजे ठरलेल्या पातळीपासूनची उंची, दिलाय ४.४१० मीटर, त्याने टीबीएमवरून, साईटवरच्या माहीत उंचीच्या खुणेवरून, बरोब्बर ४.४१० ला बसवली. रस्ता क्रॉस सेक्शनवरून झाला, त्याची कडा ४.३५०.

हे तुलाच कळेल, घरी सांगितलं तर जांभया देतील. सिव्हिल थ्रीडीत, आपल्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्पॉट एलेव्हेशनचं, म्हणजे एका बिंदूच्या उंचीचं, लेबल तुझ्या मनातली उंची लिहीत नाही. क्लिक केलंस तिथे फुली पडते, आणि तिथे सर्फेसचा, त्रिकोणांनी विणलेल्या जमिनीच्या मॉडेलचा, जो त्रिकोण असेल, त्यावरची उंची वाचतं. आणि त्या सर्फेसला उभा कर्ब चालत नाही, एका जागी दोन उंच्या त्याला झेपत नाहीत. म्हणून रस्त्याकडेचा दीडशे मिलिमीटर उंच कर्ब आपण दहा मिलिमीटर आडवा देऊन किंचित तिरका करतो. म्हणजे एक मिलिमीटर सरकलास की उंचीत पंधराचा फरक. क्लिक नेमक्या बिंदूवर ओढून बसवणारा माझा स्नॅप बंद होता. चार मिलिमीटर सरकलो. पंधरा चोक साठ!

आधी स्वतःला फसवायचा प्रयत्न केला. म्हटलं, मजकूर ओढून बाजूला घेतला म्हणून आकडा बिघडला असेल. पण मजकूर ओढला तर नुसती लीडरची रेघ येते, उंची फुलीच्या जागेचीच राहते. मग झूम करत गेलो. प्रिंटमध्ये कर्बच्या दोन्ही रेघा एकच दिसतात. पडद्यावर त्या फाकल्या, आणि फुली मधे लटकलेली. लेबलात तीन दशांश होते, त्या तीन दशांशांनीच मला गाफील ठेवलं.

मुरबाडचा सर्व्हे कॅम्प आठवतो? क्लोजिंग एरर, म्हणजे फेरी मारून सुरुवातीला परतल्यावर उंचीत राहिलेला फरक, अठरा मिलिमीटर आला आणि मी स्टाफचं, उभ्या मापपट्टीचं, एक रीडिंग अठराने फिरवून मोकळा झालो. तू तीन दिवस बोलला नाहीस. मी तुला हरिश्चंद्र म्हटलं, तू मला भामटा म्हटलंस. (त्या रात्री माझ्या ताटातली भजी कुणी पळवली, हा निराळा खटला.) तेव्हा वाटलं होतं, अठरा मिलिमीटरने कुणाचं काय जातं.

काल सरांना दाखवलं. म्हणाले, ‘आपल्याला कुणी विचारलंय का? सुधारून पाठव, ड्रॉइंगवरच्या रिव्हिजनच्या रकान्यात बदलाचं कारण लिही, साईटच्या परिस्थितीनुसार बदल.’ बाळ्या, तो रकाना केवढा असतो तुला माहीत आहे, बोटाएवढा. दोन तास त्याच्यासमोर बसलो. दोनदा सरांचं वाक्य टाइप केलं, दोनदा पुसलं. शेवटी लिहिलं: ‘जाळीचा आरएल ४.४१० डिझाइनमध्ये चुकला होता.’ रस्त्याहून जरा खाली, ४.३४० केलाय. फाइल तशीच उघडी आहे. उद्या साडेनऊला, सर यायच्या आत पाठवतो. पोराचा नंबर घेतलाय, त्याला काय तोंडाने फोन करू ते मात्र सुचत नाही. तू असतास तर आधी मला झोडपलं असतंस आणि मग फोन तूच लावला असतास.

वहिनींची बदली झाली का? धाकटीची दहावी? आणि घराचा स्लॅब पडला का, म्हणजे चांगल्या अर्थाने? लेव्हल स्वतः लाव, मला विचारू नकोस.

तुझा,
अव्या